चिकपेटेतील काळे द्राक्ष

बेंगळुरूच्या जुन्या शहरात चिकपेट नावाची वस्ती आहे. कानडीत ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे मराठीतील पेठ. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे गाव १६३८ नंतर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, आणि कानडीच्या शेजारी मराठीही या पेठांतून नांदू लागली. आज चिकपेटेची ख्याती रेशमी लुगड्यांसाठी आहे. परंतु तेथून हाकेच्या अंतरावर कृष्णराजेंद्र मार्केट आहे, आणि हंगामात त्या बाजूच्या हातगाड्यांवर एका लहानशा, काळ्यानिळ्या द्राक्षाचे ढीग लागतात. त्याचे नाव ‘बंगळूर ब्ल्यू’.

नाशिक किंवा तासगावच्या द्राक्षांची सवय असलेल्या मराठी माणसाला हे फळ प्रथम चमत्कारिक वाटते. साल जाड, आत बिया, आणि चव आंबटगोड. दाणा ओठांत धरून दाबला की गर सालीतून निसटून जिभेवर येतो. साल हातातच राहते. त्याहूनही विलक्षण असतो तो त्याचा वास. गाडी दृष्टीस पडण्यापूर्वीच तो नाकाशी येतो. या वासामागील मुख्य द्रव्य मोगऱ्याच्या आणि जाईच्या सुगंधातही असते. मार्केटात फुलांचे हार आणि ही द्राक्षे शेजारी असावीत, हा योगायोग मोठा रम्य आहे.

या द्राक्षाचे घराणे मात्र भारतीय नव्हे. जगातील बहुतेक प्रसिद्ध मद्ये ज्या युरोपीय वेलीपासून होतात, तिच्याहून वेगळी अशी एक रानवेल उत्तर अमेरिकेत वाढते. इंग्रज वसाहतवाल्यांनी तिला ‘कोल्ह्याचे द्राक्ष’ असे नाव दिले. तिचा युरोपीय वेलीशी संकर होऊन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘इझाबेला’ नावाची जात पुढे आली, आणि बंगळूर ब्ल्यू ही तीच जात असल्याचे बहुतेक जाणकार मानतात. बेंगळुरूच्या पंचक्रोशीत ती सुमारे दीडशे वर्षांपासून लावली जाते.

मराठीत कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागतात ती हाती न आल्यामुळे. युरोपात याच्या उलट घडले. तेथे ही द्राक्षे हाती आली, विपुल आली, आणि मग ती वाईट ठरली. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधील मळे मुळांपासून पोखरले. ही कीड अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबरच आली होती, आणि तिच्यावरचा उपायही अमेरिकेतच सापडला. अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधले गेले. आजही युरोपातील बहुतेक मळे अशा परक्या मुळांवर उभे आहेत. महाराष्ट्रातील बागाईतदारही ‘डॉगरिज’ या अमेरिकन खुंटावर आपली कलमे बांधतो. परंतु मूळ ज्यांनी स्वीकारले त्यांनी फळ स्वीकारले नाही. मद्याचा अतिरेकी पुरवठा होऊन भाव कोसळले असता १९३४ मध्ये फ्रान्सने सहा अमेरिकन वंशाच्या जातींवर बंदी घातली. त्यांत इझाबेला होती. वास असभ्य आणि मद्य अपायकारक, असा डांगोरा पिटण्यात आला.

तरीही लोकांची जीभ सर्वत्र कायद्याप्रमाणे वळली नाही. ऑस्ट्रियाच्या आग्नेय सीमेवर ‘ऊहुडलर’, इटलीत स्ट्रॉबेरीच्या नावावरून ‘फ्रागोलिनो’, आणि पोर्तुगालच्या अझोर्स बेटांत ‘विन्यो द शेइरो’, म्हणजे ‘वासाचे मद्य’, अशी या कुळातील द्राक्षांची पेये टिकून राहिली. ज्या गुणाला शहरी रसिकाने दोष म्हटले, त्याच गुणावरून त्या बेटवासीयांनी आपल्या मद्याचे नाव ठेवले.

भारतात बंगळूर ब्ल्यूच्या वाट्याला आली ती ‘पोर्ट’. गोव्यात या नावाने मिळणारे गोड, लाल मद्य पुष्कळदा याच द्राक्षाचे असते. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील खऱ्या पोर्टमध्ये आंबण्याची क्रिया मध्येच थांबविण्यासाठी द्राक्षाचा अर्क घालतात, आणि फळाचीच साखर मागे उरते. येथे बहुधा वरून घातलेली साखर आंबटपणा झाकते. उसने नाव आणि उसनी गोडी यांखाली फळाची स्वतःची ओळख झाकली जाते.

या वेलीचे मोल शास्त्रज्ञांनी ओळखले ते तिच्या काटकपणामुळे. दमट हवेत युरोपीय वेलींवर केवडा व करपा हे रोग तुटून पडतात; ही वेल करप्याला तरी बऱ्याच अंशी दाद देत नाही, आणि वर्षातून दोनदा फळते. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील भारतीय बागबानी संशोधन संस्थेने तिचा ‘ब्लॅक चंपा’शी संकर करून मद्यास योग्य अशी ‘अर्का श्याम’ जात निर्माण केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही ‘कटॉबा’ या अमेरिकन वंशाच्या जातीचा ‘ब्यूटी सीडलेस’शी संकर केला, आणि त्यातून रसासाठी ‘एआरआय ५१६’ ही जात हाती आली. ज्या रक्ताला युरोपने बाहेर काढले, त्याचाच आधार पावसाळी मुलखाला घ्यावा लागतो आहे.

२०१३ मध्ये बंगळूर ब्ल्यूला भौगोलिक मानांकन मिळाले. ही मान्यता उचितच होती. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, जमिनीचे नव्हे. हे द्राक्ष ज्या देवनहळ्ळीच्या परिसरात पिकते, तेथेच २००८ मध्ये बेंगळुरूचा नवा विमानतळ सुरू झाला. त्याच्या भोवती जमिनीचे भाव चढत गेले. मांडवाखालील एका एकरात वर्षाकाठी जे पिकते, त्याहून कितीतरी अधिक तो एकर विकून मिळते. अशा वेळी शेतकऱ्याला परंपरेचा उपदेश करणे सोपे, पण निरर्थक आहे. त्याच्या फळाला फळ म्हणून दाम मिळाला, तरच वेल मांडवावर राहील.

असा दाम गोड मद्याच्या स्वस्त बाटलीतून येणे कठीण. या द्राक्षाचे मद्य त्याच्याच नावाने, त्याचा वास न लपविता केले गेले, तर तो येण्याचा संभव आहे. तोवर चिकपेटेत लुगडी घेऊन परतणाऱ्या कुटुंबाने वाटेत कागदाच्या पुडीत पावशेर काळी द्राक्षे घ्यावीत आणि साल, बी, वास यांसकट चाखून पाहावीत. चांगले आणि वाईट ठरविण्याचा अधिकार त्या जिभेलाही आहे.