पाच मिनिटांत आपला धंदा कसा सांगायचा?

हातात काम असेल तर चालू राहू द्या, कान तेवढे इकडे ठेवा.

आज बोलायचंय ते सादरीकरणाबद्दल. शब्द मोठा वाटतो, पण गोष्ट साधी आहे. बँकेत, पंचायत समितीत नाहीतर व्यापाऱ्यापुढे उभं राहून आपल्या गटाचा धंदा सांगायचा. माल चांगला असतो, वह्याही पूर्ण असतात, तरी काही गटांचं काम अडतं आणि हंगाम निघून जातो. आम्ही समन्वयक गावोगावच्या गटांत बसतो, तेव्हा त्याच त्या चुका दिसतात.

पहिली चूक, मुद्द्यावर उशिरा येणं. आधी सगळ्यांचं स्वागत, मग गट कधी निघाला, कुठे झाडं लावली, कोणतं बक्षीस मिळालं. तेवढ्यात वेळ संपते आणि मागणी राहूनच जाते. समोरच्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: किती पैसे पाहिजेत, कशासाठी आणि फेडणार कसे. त्या पहिल्याच मिनिटाला सांगा. “साहेब, आम्ही दहाजणी शेंगदाण्याची चटणी करतो. आम्हाला ८० हजार हवेत. ६० हजार यंत्राला, हे कोटेशन. २० हजार शेंगदाण्याला.” एवढं ऐकलं की समोरचा माणूस पुढचं नीट ऐकतो.

दुसरी चूक सगळ्यात महाग पडते. आपण आपली मजुरी धरत नाही. समजा, २०० ग्रॅमची ५० पाकिटं करायची आहेत. शेंगदाणे १,४०० रुपयांचे, लसूण-तिखट-मीठ ३००, पाकिटं-लेबलं २००, वीज ६०. झाले १,९६०, म्हणजे पाकिटाला साधारण ३९ रुपये. ४५ ला विकलं की वाटतं, सहा रुपये सुटले. पण दोघीजणी दिवसभर भाजत, कुटत, भरत बसल्या. त्यांचे ३०० प्रमाणे ६०० कुठे गेले? ते धरले की पाकीट ५१ रुपयांवर जातं. म्हणजे फायदा नाहीच, पाकिटामागे सहा रुपये तोटा. असा हिशोब घेऊन यंत्राचं कर्ज काढलं तर माल वाढेल, तसा तोटाही वाढेल. बँकेने विचारायच्या आधी आपणच आपल्याला विचारलेलं बरं.

तिसरी चूक, मदत मागितल्यासारखं बोलणं. “काहीतरी करा साहेब, आम्ही गरीब बायका.” बायांनो, कर्ज म्हणजे दान नव्हे, आपण ते व्याजासकट फेडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागता येत नाही. मग बँक बघते काय? आपली पंचसूत्री. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पूर्ण नोंदी. तेच आपलं तारण समजा. म्हणून वह्या पिशवीत ठेवू नका, टेबलावर उघडून ठेवा.

चौथी चूक, काम एकीचं आणि बोलणं दुसऱ्याचं. कुणी मुलाला पुढे करतं, कुणी आम्हाला म्हणतं, “ताई, तुम्हीच बोला.” मग साहेबांनी विचारलं, “भट्टीला किती वेळ लागतो?” की बोलणारा मागे वळून बघतो. तिथेच विश्वास कमी होतो. जिच्या हाताला काम माहीत आहे, तिनं कामाचं सांगावं. जिच्याकडे वही आहे, तिनं हिशोब सांगावा. आपल्या घरच्या बोलीत सांगा, काही बिघडत नाही. कागद वाचून दाखवू नका. आम्ही बाजूला बसलेल्या असू.

पाचवी चूक, अडचण झाकणं. “सगळं छान चाललंय” म्हटलं की समोरच्याला शंका येते. चटणी जुनी झाली की खवट लागते, हे त्यालाही ठाऊक असतं. आपणच सांगा, “म्हणून आम्ही थोडा-थोडा माल करतो आणि पाकिटावर तारीख टाकतो.” अडचणीबरोबर उपाय सांगितला की धंदा कळणारी बाई म्हणून तुमच्याकडे बघतात. आणि एखादा आकडा आठवला नाही तर अंदाजे ठोकून देऊ नका. “वहीत बघून सांगते,” म्हणा आणि खरंच बघा.

आता या आठवड्याच्या बैठकीत एक करा. मोबाईलवर पाच मिनिटं लावा. दोघींनी धंदा सांगायचा, बाकीच्यांनी बँकेचे साहेब व्हायचं आणि अवघड प्रश्न विचारायचे. हसू येईल, येऊ द्या. जी एरवी गप्प बसते तिलाही उभं करा. आणि त्याआधी पाकिटाचा हिशोब मजुरी धरून पुन्हा मांडा. तोटा निघाला तर भाव आणि खर्च ठरवायला बसा, बँकेत नंतर जा.