शाळा उघडण्यापूर्वी झोपेची घडी



विदर्भ वगळता महाराष्ट्रातील शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. त्याआधी घोडेगावातील घराघरांत वह्या, गणवेश, दप्तर यांची खरेदी होते; झोप मात्र कोणाच्याही यादीत नसते. मे महिन्यात पाहुणे येतात, लग्नसराई असते, संध्याकाळी साडेसातला सुरू झालेले आयपीएलचे सामने रात्री अकरापर्यंत लांबतात आणि त्यानंतर अंथरुणात मोबाईल उजळतो. दहावीत जाणारा एखादा मुलगा अशा रीतीने रात्री एकला झोपू लागतो आणि सकाळी साडेनऊला उठू लागतो. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला सहा वाजता हलवून उठविले जाते. रोज सहाला उठून दुकान उघडणाऱ्या त्याच्या वडिलांना कोणी रात्री अडीच वाजता उठवून उधारीची वही तपासावयास बसविले, तर त्यांची जी अवस्था होईल, तीच त्या मुलाची पहिल्या तासाला होते. वर्गात तो पेंगतो आणि घरी त्याला ‘आळशी’ हे विशेषण चिकटते.

हे विशेषण अन्यायाचे आहे. मनुष्याच्या शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. ते पेशींमध्ये कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ बहुतेकांमध्ये चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असते. म्हणून झोप पुढे ढकलणे सोपे आणि मागे आणणे अवघड जाते. त्यातच वयात येताना रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक उशिरा पाझरू लागते. पंधरा वर्षांच्या मुलाला दहा वाजता झोप न येणे हा सर्वस्वी हट्ट नसतो.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचा शासन निर्णय निघाला. लहानांना दिलासा मिळाला हे चांगलेच झाले. परंतु ज्यांचे घड्याळ निसर्गतःच मागे पडते, ती आठवी ते दहावीची मुले त्यातून वगळली गेली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२२ पासून नेमके मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठपूर्वी न भरविण्याचा कायदा लागू केला. येथे तसे होईपर्यंत घड्याळ घरातच जुळवावे लागणार.

त्याची सुरुवात लवकर झोपविण्यापासून करू नये. झोप नसलेल्या मुलाला साडेनऊला दिवा मालवून पाडून ठेवले, तर तो अंधारात कूस बदलीत राहतो आणि अंथरूण म्हणजे जागण्याची जागा, अशी मनाची समजूत होते. प्रथम उठण्याची वेळ धरावी. १ जूनला साडेनऊऐवजी नऊला उठवावे आणि दोन दिवस तीच वेळ ठेवावी. मग दर दोन दिवसांनी अर्धा तास मागे यावे. सात टप्प्यांत, म्हणजे १३ जूनला, सहा वाजता उठणे येते. त्याच चालीने झोपण्याची वेळ एकवरून साडेनऊवर उतरते. साडेआठ तासांची झोप कायम राहते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. तेव्हा हा हिशेब ऐषारामाचा नव्हे. ज्यांच्या हाती आठच दिवस उरले असतील, त्यांनी रोज अर्धा तास मागे यावे; थोडा त्रास होईल, पण जमते.

उठल्याबरोबर मुलाला गच्चीवर, ओट्यावर किंवा अंगणात पाठवावे. शरीराचे घड्याळ उजेडाने लागते. जूनमध्ये ढग असले तरी बाहेरचा उजेड खोलीतील दिव्याच्या कितीतरी पट असतो. दुपारी डुलकी घ्यायचीच असेल तर तीनच्या आत, अर्ध्या तासाची. चार-पाचनंतर चहा बंद करावा. त्यातील कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही अंगात असू शकतो.

जेवणाची वेळही घड्याळाला खूण देते. चौविहार पाळणाऱ्या घरांत ही खूण आयतीच मिळते. जूनच्या मध्यास या भागात सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी ताट उठलेले असते. प्रश्न येतो तो मोठ्यांनी चौविहार करावयाचा आणि मुलांसाठी रात्री अकराला नूडल्स शिजवावयाचे, अशा घरांत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. उत्तराध्ययन सूत्रातील सामाचारीत रात्रीचे चार प्रहर सांगून त्यातील तिसराच निद्रेसाठी ठेवला आहे. त्याचा दाखला देऊन काही वडीलधारी मंडळी मुलांना पहाटे चारला पाठांतरास बसवितात. ती चर्या साधूंची आहे; वाढत्या वयाच्या विद्यार्थ्याची नव्हे. साडेनऊला झोपलेला मुलगा आपणहून पाचला उठला तर ठीकच. बाराला झोपलेल्याला चारला उठविण्यात पाठांतरही पदरी पडत नाही, कारण वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते.

सर्वांत अवघड भाग मोबाईलचा. झोपण्यापूर्वी तासभर तो मुलाच्या हाती नसावा, आणि रात्री चार्जिंगला बैठकीच्या खोलीत असावा, घरातील सर्वांचाच. रात्री साडेदहाला वडील बाजारभाव पाहत आहेत, आई मालिकेचा राहिलेला भाग पाहत आहे आणि मुलाला मात्र झोपेचा उपदेश, हे चालत नाही. मुले एवढे ओळखतात.

महिनाभर असे करूनही मध्यरात्रीपर्यंत झोप येत नसेल, झोपेत घोरणे-गुदमरणे असेल किंवा मूल सतत उदास असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. घरातील कोणाची झोपेची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नये.

शाळेच्या पहिल्या आठवड्यानंतर रविवार येईल. त्या दिवशी मुलाला सातपर्यंत झोपू द्यावे, दहापर्यंत नको. नाहीतर सोमवारी पुन्हा १ जूनचा हिशेब मांडावा लागेल.