मार्गिकेची आखणी आणि महामार्गाची सुरक्षितता

वसई तालुक्यातील भुईगावचा रहिवासी मुंबई–अहमदाबाद महामार्गाला लागतो, तेव्हा त्याचा जीव चालकाइतकाच मार्गिकेच्या आखणीवरही अवलंबून असतो. अमेरिकेत शर्ली महामार्गावरील राखीव बसमार्गिकेत १९७३ पासून अनेक प्रवासी एकत्र नेणाऱ्या मोटारींनाही प्रवेश मिळाला. राखीव मार्गिका मोकळी आणि शेजारची तुंबलेली असली, की मध्येच मार्गिका बदलणारे वाहन घातक ठरते. दोहोंमध्ये मोकळा पट्टा आणि ठरावीक प्रवेशस्थाने ठेवल्याने हा धोका घटतोच असे नाही.

राखीव मार्गिका नसली, तरी रस्ता अरुंद होतो तेथे हाच प्रश्न उभा राहतो. याच महामार्गावर चारोटीजवळ, तीन मार्गिकांच्या दोन होणाऱ्या सूर्या पुलापाशी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी भरधाव मोटारीतील दोघे दगावले. मार्गिका संपण्यापूर्वी दुरून दिसणारा फलक हवा. अशा जागा ग्रामसभांनी वेळीच हेरून कळवाव्यात. अपघाताची वाट पाहू नये.