मत हरवते ते यादीत

(जिल्हा बैठकीतील भाषण)



निवडणूक आली की गावात गाड्या फिरतात, झेंडे लागतात, जेवणावळी उठतात. मत कोणाला द्यायचे यावर पारावर रात्ररात्र चर्चा होते. ते सांगायला आज आम्ही उभे नाही. त्याच्या आधीचे एक काम आहे, त्याला झेंडा लागत नाही. ते काम मतदार यादीचे.

चाकणच्या बाजारात कांदा नेला की आपण काट्याजवळ उभे राहतो, पट्टी हातात पडल्याशिवाय गाडी वळवत नाही. सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढले, कोणाचे उडाले, यावर आपला डोळा असतो. मतदार यादीत आपले नाव आहे का, हे मात्र आपण मतदानाच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर उभे राहून विचारतो. तेव्हा 'नाव नाही' असे उत्तर आले तर त्या दिवशी त्यावर काही इलाज नसतो.

१७ एप्रिल २०१४ ला पुणे जिल्ह्यात लोकसभेचे मतदान झाले. त्या दिवशी पुणे शहरात हजारो लोक केंद्रावरून परत गेले. अनेकांच्या हातात मतदार ओळखपत्र होते, यादीत नाव नव्हते. तक्रारी झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी माफी मागितली. पण गेलेले मत परत आले नाही. कारण साधे आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते.

स्थानिक निवडणुकीत तर यादीचे दार त्याहून आधी लागते. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. त्यासाठी यादी धरली ती १ जुलै २०२५ ची. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर जागा झालेला माणूस आधीच बाहेर पडलेला होता.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहू. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी. जमिनी कारखान्यांकडे गेल्या, उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या उभ्या राहिल्या. त्या खोल्यांत लातूर, बीड, नांदेड, यवतमाळची पोरे राहतात, बिहार आणि उत्तर प्रदेशातली राहतात. ही पोरे कोणाची? शेती परवडली नाही म्हणून गाव सोडावे लागलेल्या शेतकऱ्यांचीच ना? बिहारमध्ये २०२५ साली याद्यांची सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा मसुदा यादीत सुमारे ६५ लाख नावे आली नाहीत. कायमचे स्थलांतर हे त्यामागचे एक मोठे कारण सांगितले गेले. तिथले नाव गेले आणि इथे चढले नाही, तर त्या माणसाने मत द्यायचे कुठे?

उलट बाजूही आहे. आपल्यातली काही घरे भोसरीला, मोशीला फ्लॅटमध्ये राहायला गेली. नाव तिथल्या यादीत चढले आणि गावच्या यादीतही राहिले. कायदा सांगतो, एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी, आणि ते जिथे तो खरोखर राहतो तिथे. नुसते घर मालकीचे असून भागत नाही. खोटे निवेदन करून नाव घातले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. राज्य निवडणूक आयोगाने अलीकडे दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन फुल्या मारायला सुरुवात केली. आपल्या घरातले कोणी तसे असेल तर फुली पडायची वाट कशाला पाहायची?

आम्ही हे बोललो की लोक विचारतात, भाडेकरूंची नावे यादीत आली तर ग्रामपंचायत आपल्या हातून जाईल, त्याचे काय? भीती खोटी नाही. काही वाड्यांत भाडेकरू मूळ गावकऱ्यांपेक्षा जास्त भरतील. पण आपण नावे अडवली म्हणून ती चढायची थांबतात का? ऐन वेळी एखादा उमेदवार अर्जांचे गठ्ठे घेऊन येतो आणि त्याला हवी तेवढीच नावे घालतो. अशी यादी ना भाडेकरूची, ना गावाची. आणि आज ज्या रीतीने त्याचे नाव अडते, त्याच रीतीने उद्या सात नंबरचा खोटा अर्ज करून आपले नाव उडवता येते. यादी खरी असली तर दोघांचीही.

तेव्हा काम असे करायचे.

प्रत्येक मतदान केंद्रामागे दोन कार्यकर्ते, त्यातली एक बाई. सासरी आलेल्या कितीतरी मुलींची नावे अजून माहेरच्या यादीत आहेत, ते बाईच नीट विचारू शकते. यादी घेऊन चावडीवर मोठ्याने वाचायची. नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलला किंवा चूक असली तर नमुना ८. मयताचे नाव काढायला नमुना ७, तो घरच्यांनीच भरावा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. पोराला अठरा पूर्ण होताच अर्ज करावा.

खोलीमालकांनी भाडेकरार नोंदवून द्यावा, तो राहण्याचा पुरावा होतो. ज्याच्याजवळ कागद कमी, त्याच्या खोलीवर केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला, घेऊन जावे. पाळीवरून माणूस येण्याची वेळ आपल्याला माहीत असते, त्याला नसते.

अर्जाची पोच घ्यायचीच. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील होते. दुसऱ्याची सही आपण करायची नाही, कोणाचे ओळखपत्र आपल्याजवळ ठेवायचे नाही. अंगावर पक्षाचा बिल्ला नको आणि कोणाचा चहासुद्धा नको.

मतदानाच्या दिवशी कारखान्यांकडे लक्ष ठेवा. १९९६ साली कायद्यात कलम १३५-ब आले. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवाल्यालाही. ज्यांच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल, तेवढेच कामगार याला अपवाद. ठेकेदार सुट्टी देत नसेल तर ते आधीच तहसीलदारांच्या कानावर घाला. आपल्या नावावर दुसराच मत देऊन गेला असेल तर भांडण करून घरी जाऊ नका, प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर देता येते. मतदान प्रतिनिधींनी मतदान संपल्यावर झालेल्या मतांच्या हिशेबाची प्रत, नमुना १७-सी, घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. ती आपली पट्टी.

या कामात हार नाही, गुलाल नाही. पण यादी खरी असेल तर हरणाऱ्यालाही निकाल मान्य करावा लागतो आणि जिंकणाऱ्याला सगळ्यांचे ऐकावे लागते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या केंद्राची वाचलेली यादी आणि अर्जांच्या पोचा बरोबर आणाव्यात. चर्चा त्या कागदांवर करू.