सहावी-सातवी-आठवीचं नियोजन गावानं गुरुजींसोबत बसून करावं

(मे महिन्यात वनहक्क समित्या आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सभासदांच्या एकत्र बैठकीत एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. बोलली तसंच ठेवलं आहे, थोडं नीट करून.)

 

सकाळपासून आपण दाव्यांचंच बोलतोय. कोणाचा दावा प्रांतांकडे अडकला, कोणाची मोजणी झाली नाही, कोणाला कागद मिळाला पण जमीन कमी लागली. आणि ही मधेच शाळेचं काय घेऊन उभी राहिली, असं मागं बसलेल्या काकांच्या तोंडावर दिसतंय. तर दाव्यापासूनच सुरू करते.

आमच्या शेजारच्या वाडीत एका घरी पावसाळ्यानंतर हक्काचा कागद आला. दावा दोन एकराचा होता. कागदावर आकडा होता ०.२० हेक्टर. घरातल्यांना वाटलं वीस म्हणजे बरंच काही मिळालं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून नीट ठेवून दिला. चार महिन्यांनी बैठकीत तो कागद पिशवीतून निघाला तेव्हा कळलं, ०.२० हेक्टर म्हणजे वीस आर, म्हणजे वीस गुंठ्यांच्या आसपास, अर्धा एकर. वरच्या समितीकडे दाद मागायला कायद्यात ६० दिवस आहेत, ते कधीच निघून गेले होते. आता उशीर माफ करा म्हणून अर्ज करत बसलोय.

त्याच घरात सातवीतला मुलगा आहे. मी त्याला विचारलं, क्षेत्रफळ शिकलास का? लांबी गुणिले रुंदी, धडाधड बोलला. दशांश अपूर्णांकही शिकलाय. मंग ०.२० हेक्टर म्हणजे किती रे? गप्प. पोरगा हुशार आहे, आणि गुरुजींनी धडा घेतलेला आहे. पण वहीतल्या गणितात बाग होती, सतरंजी होती, खोलीची फरशी होती. आज्याचा प्लॉट नव्हता.

म्हणून मी बोलते की दाव्याचं काम आणि सहावी-सातवी-आठवीचा अभ्यास ही दोन कामं नाहीत.

आता नियोजन म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती वही बघितलेलीच नाही. दर जूनमध्ये गुरुजी वर्षाचं नियोजन लिहितात. कोणत्या महिन्यात कोणता धडा, किती तासिका, कोणता उपक्रम. केंद्रप्रमुख येतात, सही करतात. बऱ्याच वेळा ते नियोजन मागच्या वर्षीचंच असतं, नाहीतर बाजारात छापील मिळतं त्यावरून उतरवलेलं असतं. शहरातल्या शाळेचं आणि आपल्या शाळेचं तेच. त्यात दिवाळीची सुट्टी दिसते, पण दिवाळीनंतर अर्धी वाडी भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जाते ते दिसत नाही.

पुस्तक आपण बदलू शकत नाही. ते पुण्याला बालभारतीत ठरतं. पण कोणता धडा कधी घ्यायचा, कशाचं उदाहरण देऊन घ्यायचा, प्रकल्प कशावर करायचा, हे शाळेत ठरतं. आणि शाळेत आपली समिती आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करणं हे त्या समितीचं काम आहे. आपल्याकडं समितीचं काम म्हणजे खिचडीच्या रजिस्टरवर अंगठा. ज्या बायांची नावं समितीत आहेत त्यांनी हात वर करा बघू... बघा, चार जणींना तर आत्ताच कळलं.

तर ते वर्ष कसं मांडायचं, माझ्या डोक्यात जे आहे ते सांगते. यात चुकत असेल तर आत्याबायांनी सांगावं, शेतीचं तुम्हाला जास्त कळतं.

जून-जुलैत आवणी. सातवी-आठवीच्या मुली त्या दिवसांत शाळेत नसतात, धाकट्या भावंडांना घेऊन घरी असतात किंवा चिखलात असतात. गुरुजी त्याच वेळेला गणिताचे सगळ्यात अवघड पाठ सुरू करतात, कारण पुस्तकात ते पहिले आहेत. मुलगी ऑगस्टमध्ये येते तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो, ती मागं बसते, मंग पुढच्या वर्षी येतच नाही. यात कोणाची दुष्टाई नाही, फक्त क्रमाची गडबड आहे. जून-जुलैत विज्ञानातलं पाणी, माती, वनस्पती घ्या. पाऊस मोजायचा घ्या, सरळ बाजूचा डबा आणि मोजपट्टी एवढंच लागतं. जी मुलगी चार दिवस आली नाही तिलाही पाऊस नि माती दिसलेलीच असते, तिचा धागा तुटत नाही.

गणिताचा आणि भाषेचा जड भाग ऑगस्ट ते दिवाळी. तेव्हा सगळी पोरं गावात असतात. हेच आपले खरे महिने. दिवाळीनंतर जी कुटुंबं भट्टीवर जातात त्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह मागता येतं, समग्र शिक्षा योजनेत त्याची सोय आहे. पण मागणी वेळेवर, स्थलांतर होण्याच्या आधी गेली पाहिजे. कोणत्या घरातली किती पोरं जाणार ही यादी नवरात्रात करून टाका, पोरं भट्टीवर पोचल्यावर कागद हलवून उपयोग नाही. वर्षाला १००० तास सहावी ते आठवीला कायद्यानं ठरवलेत, २२० दिवस. ते तास आपण कमी करायला सांगत नाही. त्यांची जागा बदला एवढंच.

आता गुणांचं. गुरुजी बोलतील, रानात फिरवलं तर अभ्यासक्रम कधी संपवू? त्यांचं एकदम खोटं नाही. वरनं तपासणी असते, शिवाय निवडणुकीची, जनगणनेची कामं अंगावर. पण २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलंय. सहावीला १०० पैकी ५० गुण आकारिक, सातवी-आठवीला ४०. आकारिक म्हणजे फक्त लेखी परीक्षा नाही. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, हे सगळं त्यात मोजलं जातं. आज प्रकल्प म्हणजे काय होतं? तालुक्याच्या दुकानातनं चित्रांचा तक्ता आणायचा, कापायचा, चिकटवायचा. दहा-वीस रुपये आईबापाचे जातात आणि पोराला ताजमहाल चिकटवल्याचे गुण मिळतात. त्याच जागी आपल्या गावचं काम ठेवलं तर गुरुजींचा एक तास वाया जात नाही.

गणितापासून घ्या. एक हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे १०,००० चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि एक आर जवळजवळ एका गुंठ्याएवढाच. सातबाऱ्यावर ०.४० दिसलं की साधारण एक एकर समजायचं. वनहक्क कायद्यात जास्तीत जास्त ४ हेक्टर, म्हणजे दहा एकराला थोडं कमी. हे दशांश अपूर्णांकाच्या पाठात बसतं, एक तासिका लागते.

दुसरं, उताराचं. याच्यावर आपल्यात फार भांडणं झालीत म्हणून जरा थांबते. आपण वरकस जमीन दोरीनं मोजतो, दोरी उतारावर टाकतो. जीपीएस यंत्र सपाट मोजतं, वरून पक्ष्यानं बघावं तसं. समजा उतारावर दोरी ५० मीटर भरली आणि वरचं टोक खालच्यापेक्षा ३० मीटर उंच आहे. तर सपाट लांबी होते ४० मीटर. पायथागोरसचं गणित आहे, तीन-चार-पाच, आठवीपर्यंत पोरं ते करतात. म्हणजे एवढ्या उभ्या उतारावर जमीन पाचव्या हिश्श्यानं कमी दिसणारच, यंत्रवाल्यानं काही खाल्लं नाही. पण मघाच्या कागदाचं बघा. दोन एकर म्हणजे ८१ आर. असला कडक उतार धरला तरी ६५ पर्यंत खाली येईल. २० कसे झाले? हा प्रश्न आठवीच्या वहीसकट प्रांतांसमोर ठेवता येतो. आणि जिथं खरंच उतारामुळं कमी झालीय तिथं उगाच मोर्चा काढून आपली ताकद घालवायची नाही, हेही त्याच वहीतनं कळतं.

भाषेच्या तासाला अर्जलेखन असतंच. सहलीला परवानगी मिळावी म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज. एकदा तरी मोजणीची नोटीस वाचायला द्या, वनखात्याची जुनी दंडाची पावती वाचायला द्या. तारीख कुठं आहे, गट नंबर कुठं आहे, सही कोणाची आहे. आपल्या घराघरात पत्र्याच्या पेटीत या पावत्या आहेत, आणि त्या पुरावा आहेत. मूळ पावती शाळेत नेऊ नका बरं, झेरॉक्स न्या.

इतिहासाचं तर बोलायलाच नको. आठवीला स्वातंत्र्यलढा आहे. त्यात १९४५ चा आपल्या वारल्यांचा उठाव आला नाही तरी गुरुजींना कोणी अडवलेलं नाही. वेठ कशी बंद झाली, १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड तिथं पडला. गोदावरीबाई परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तालुक्याच्या वाचनालयातनं आणता येतं. पण पुस्तकाच्या आधी म्हातारी माणसं आहेत. आज जी नव्वदीच्या पुढं आहेत ती तेव्हा सातवी-आठवीच्या वयाची होती. पोरांनी त्यांच्याकडं जाऊन लिहून घ्यावं: प्लॉट कोणी फोडला, कोणत्या सालच्या दुष्काळात काय खाल्लं, देव कुठं होता, मसण कुठं होतं. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा धरलाय. पोराची वही म्हणजे जबाब नाही, जबाब वनहक्क समितीनंच रीतसर घ्यायचा. पण कोणाकडं जायचं, काय विचारायचं, ते त्या वहीतनं कळतं. आणि ती माणसं थांबणार नाहीत आपल्यासाठी.

भूगोलात नकाशा आणि प्रमाण आहे, तिथं गावचाच नकाशा काढायचा, नाला, पाडे, चराईची जागा. एवढं पुरे.

भाषेचं मात्र आणखी एक. आपलं पोर ‘शाला’ बोलतं, ‘पानी’ बोलतं. आपल्या बोलीत ळ चा ल होतो, ण चा न होतो. गुरुजी घाटावरचे असले की हसतात, वर्ग हसतो, आणि पोर सहावीपासून तोंड उघडत नाही. एका आईनं मला सांगितलं, “मास्तर काय बोलतं तं आमाला कलत नाय, नि आमी बोलू तं त्याला हासू येतं.” शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात आहे की शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतनं शिकवावं. सहावीपर्यंत पोर मराठी वाचायला लागलेलं असतं, त्यामुळं सगळं वारलीत करा असं मी बोलत नाही. पहिल्या महिन्यात दोन रकाने करा, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. झाडांची नावं, भाज्यांची, नात्यांची. गुरुजीही शिकतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर आल्या, पोरं गुरांमागं जातात म्हणून त्यांनी कुरणातच शाळा भरवली. कोसबाड डहाणू तालुक्यातच आहे, फार लांब जायला नको उदाहरणाला.

काही पालक मला बोलले, पोराला रानातनं बाहेर काढायला शाळेत घातलं, तू परत रानातच नेतेस. हा राग बरोबर आहे. मलाही मोह नि शेवळी शिकवणारी वेगळी आदिवासी शाळा नको आहे. शहरातल्या पोरानं बीजगणित करायचं आणि आपल्यानं पानं मोजायची, हे चालणार नाही. इंग्रजी पाहिजे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला पोरं बसली पाहिजेत. मी बारावी झाले ती पुस्तकातलं सगळं करूनच झाले. माझं म्हणणं एवढंच की पायथागोरस वरकसावर शिकलेलं पोर परीक्षेतही तो सोडवतं. आणि २०१० नंतर बरीच वर्षं आठवीपर्यंत नापास करत नव्हते, त्यामुळं न शिकताच पोर वर ढकललं जाण्याची भीती मोठी होती. नववीत एकदम कळायचं, तेव्हा शाळा सुटायची. म्हणून या तीन वर्षांवर लक्ष ठेवायचं.

आता काम. शाळा जूनच्या मध्याला उघडतील. त्याच्या आधी तीन गावांत सुरुवात करू, जिथं गुरुजी तयार आहेत तिथंच. नाही म्हणणाऱ्या गुरुजींशी पहिल्याच वर्षी भांडायचं नाही. समितीची बैठक लेखी नोटीस काढून बोलवा, वार्षिक नियोजनाची वही मागा, आणि तिच्याशेजारी आपल्या गावचं कॅलेंडर ठेवा: राब, आवणी, कापणी, भट्टीला जाणं, होळीला येणं. बाया बैठकीला आल्या पाहिजेत, म्हणून वेळ सकाळची नको, पाणी भरून झाल्यावरची ठेवा. ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्या, खाली मुख्याध्यापकांची सही. एक प्रत वनहक्क समितीच्या फाइलला लावा.

३० मीटरचा टेप संघटनेच्या कार्यालयात आहे. तो पाळीपाळीनं शाळेला देता येईल. ज्यांना पहिला पाहिजे त्यांनी जेवणाच्या आधी माझ्याकडच्या वहीत गावाचं नाव लिहून जा.