वर्गात इंग्रजी बोलण्याचे धैर्य



बेळगावकडील मराठी शाळांत इंग्रजीच्या तासाला एक प्रसंग वारंवार घडतो. गुरुजी इंग्रजीतून प्रश्न विचारतात. मागच्या बाकावरील मुलाला उत्तर ठाऊक असते. परंतु तो उभा राहून नुसताच खाली पाहतो. क्षणार्धात 'बस खाली' असे शब्द उमटतात व प्रश्न शेजाऱ्याकडे जातो. असे चारदा घडले की त्या मुलावर मंदपणाचा शिक्का बसतो, आणि तोच शिक्का तो मुलगाही खरा मानू लागतो.

वस्तुतः तेथे उणीव बुद्धीची नसून अवधीची असते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. इंग्रजीतील 'द' आणि 'अ' ही उपपदे तर मराठीत नाहीतच. घरी मराठी व बाजारात कानडी ऐकणाऱ्या मुलाला मनात जुळलेले उत्तर उलटसुलट फिरवून मगच ओठांवर आणावे लागते.

अमेरिकेतील मेरी बड रो या विदुषींनी विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण करून १९७४ साली असे दाखविले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारणतः १ सेकंदच थांबतात. तोच अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढविला असता उत्तरे विस्तृत होतात आणि निरुत्तर राहणाऱ्यांची संख्या घटते. विज्ञानाच्या प्रश्नाची ही कथा. मग जेथे भाषाही परकी, तेथे गुरुजींच्या मौनाचे मोल किती अधिक असेल!

दुसरी गोष्ट एकटेपणाची. भजनात नवखा मुलगा प्रथम टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहून ध्रुवपद म्हणतो; एकट्याने अभंग म्हणण्याची पाळी पुढे येते. १९८१ साली फ्रँक लायमन यांनी सुचविलेली रीत याच जातीची आहे: प्रथम स्वतः विचार करावा, मग शेजाऱ्याला सांगावे, नंतर वर्गापुढे बोलावे. एकदा उच्चारलेले वाक्य दुसऱ्यांदा तितके भिववीत नाही.

तिसरी गोष्ट बोलण्याच्या प्रयोजनाची. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर व दक्षिणेतील अन्य ठिकाणच्या शाळांत जो प्रयोग चालविला, त्यात व्याकरणाचे नियम घोकविण्याऐवजी आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा अशी कोडी मुलांपुढे ठेवली जात. आधी एक कोडे गुरुजी सर्व वर्गासह सोडवीत; तशाच प्रकारचे दुसरे मुले आपापली सोडवीत. मन गाडीच्या वेळेत गुंतले म्हणजे चुकीचे भय आपोआप मागे पडते.

चुका सुधारूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. मुलगा 'ही गो टु मार्केट' म्हणाला, तर 'येस, ही गोज टु द मार्केट. व्हॉट डझ ही बाय?' असे म्हणून संभाषण पुढे न्यावे. शुद्ध रूप कानी पडते आणि बोलणाऱ्याचा मानही राहतो. अडलेला शब्द त्याने मराठीत उच्चारला, तर त्याला इंग्रजी शब्द द्यावा. हसणाऱ्या वर्गाला मात्र तत्काळ आवरावे.

या उपायांना पैसा लागत नाही, धीर लागतो. आणि तो प्रथम शिकविणाऱ्याने धरावयाचा असतो. गुरुजनांनी उद्याच्या तासाला एका प्रश्नानंतर मनातल्या मनात तीन अंक मोजून पाहावेत, एवढीच त्यांना विनंती आहे.