माहितीची दारे आणि त्यांच्या किल्ल्या

देशभर शाखा असलेल्या संस्थेत विक्रीचा एकच संगणकीय अहवाल सर्वांना दिला जातो. परंतु लखनौच्या व्यवस्थापकास लखनौचेच आकडे दिसावेत, अशी वापरकर्तानिहाय मर्यादा त्यात घातलेली असते. ही व्यवस्था बिघडली की कुणाला कमी दिसते, कुणाला जास्त. कमी दिसणारा तक्रार करतो, जास्त दिसणारा सहसा करत नाही. म्हणून दुसरा दोष अधिक घातक होय.

दोषाचा शोध क्रमाने घ्यावा. प्रथम ओळख. प्रणालीतील नाव आणि परवानगीच्या तक्त्यातील नाव तंतोतंत जुळते काय? ‘क्लिक सेन्स’मध्ये या तक्त्यातील स्तंभांची नावे व मूल्ये मोठ्या रोमन अक्षरांत लागतात. तेथील तारांकनाने तक्त्यात नोंदलेलीच मूल्ये खुली होतात; न नोंदलेली शाखा गळते. त्यानंतर भूमिका. ‘पॉवर बीआय’मध्ये सामायिक कार्यक्षेत्रातील केवळ दर्शकावर ही मर्यादा चालते, संपादनाचा अधिकार मिळताच ती उरत नाही. त्यामुळे तक्रार मिटविण्यासाठी अधिकार वाढविणे म्हणजे कुलूपच काढून टाकणे. शेवटी तक्त्यांमधील परस्परसंबंध तपासावेत आणि त्या वापरकर्त्याच्या भूमिकेतूनच अहवाल पाहावा.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. वैयक्तिक माहिती फुटू नये यासाठी वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये आहे. माहिती योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचविणे आणि इतरांपासून राखणे, ही दोन्ही सुशासनाचीच अंगे आहेत.